केवडा, पोस्टर आणि पोस्टडॉकचं पत्र : नव्या संशोधकानं बोलायचं-लिहायचं कसं

माझ्या पहिल्या परिषदेत माझ्या पोस्टरसमोर, म्हणजे संशोधनाचा सारांश छापून बोर्डावर लावलेल्या मोठ्या कागदासमोर, दोन तासांत तीन माणसं थांबली. एकानं चहा कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं. दुसरे माझेच सर. तिसऱ्या बाई मात्र खरंच वाचायला लागल्या आणि अर्ध्या मिनिटानं म्हणाल्या, “एवढं वाचण्यापेक्षा तुम्हीच सांगा ना, काय सापडलं?” मी डाव्या कोपऱ्यातल्या प्रस्तावनेवर बोट ठेवलं आणि तिथून वाचायला सुरुवात केली. बाई सौजन्यानं चार मिनिटं उभ्या राहिल्या.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. आता पीएचडीची मुलंमुली माझ्याकडे पोस्टर, पत्रं, भाषणं दाखवायला आणतात, तेव्हा घोळ बहुतेक तोच असतो. काम चांगलं असतं, पण ते एका वाक्यात काय आहे हे कधी ठरवलेलंच नसतं. मग पोस्टर लांबतं, भाषण वेळेत संपत नाही आणि परदेशी प्राध्यापकाला लिहिलेल्या पत्राला उत्तर येत नाही.

म्हणून एकच उदाहरण धरून सगळ्या पायऱ्या चढू. समजा, तुमची पीएचडी द्राक्षावरच्या केवडा या रोगावर आहे. नाशिक-सांगलीकडच्या वाचकाला केवडा सांगायला नको. इतरांसाठी : पानावर तेलकट पिवळे डाग, ओल असली की पानामागे पांढरी वाढ, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला तर फुलोऱ्यातले घडच हातचे जातात. त्यावरच्या औषधांत स्ट्रॉबिल्युरिनचा एक गट आहे, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन त्यातलंच. केवड्याच्या सायटोक्रोम बी या जनुकात एकच अक्षर बदललं की प्रथिनात १४३व्या जागी ग्लायसीनऐवजी अ‍ॅलानीन हे अमिनो आम्ल येतं आणि औषधाला तिथे नीट बसता येत नाही. युरोपातल्या बागांत हा बदल पंचवीसेक वर्षांपूर्वीच दिसला. आपल्याकडच्या कुठल्या बागांत तो किती आहे, हा तुमचा विषय.

पायरी १ : एक वाक्य, आणि ते मराठीत

विद्यार्थ्याला ‘काय करतोस’ विचारलं की साधारण असं उत्तर येतं : ‘मी प्लाझ्मोपारा व्हिटिकोलामधील क्यूओआय प्रतिरोधाच्या आण्विक आधाराचा अभ्यास करतो.’ यात चूक काही नाही. कळतही काही नाही.

आता हे पाहा : ‘केवड्याचं एक औषध एका बागेत लागू पडतं आणि बांधापलीकडच्या बागेत पडत नाही, तसं का, ते मी केवड्याच्या एका जनुकात बघतोय.’

असं वाक्य बसवायला तीन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर लिहा. कुठे अडलंय? मी नेमकं काय बघतोय? ते कळलं तर कोणाचं काय बदलेल? मग तिन्ही कागद जवळ ठेवून एक वाक्य करा. पंचवीस शब्दांच्या पुढे गेलात तर थांबा आणि पुन्हा लिहा. माझ्याकडच्या मुलांना याला आठवडा लागतो. ‘एवढंसं वाक्य!’ म्हणत सुरुवात करणाऱ्यांना जरा जास्तच.

मराठीतच का? इंग्रजीत आपण पेपरांतले तयार तुकडे एकापुढे एक लावत जातो आणि काहीतरी सांगून झाल्यासारखं वाटतं. मराठीत ते तुकडे हाताशी नसतात, त्यामुळे आपल्याला जे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मुलं स्वतःला कमी लेखतात, ‘इंग्रजीत अडखळतो’ म्हणून परिषदेला जायचं टाळतात. त्यांना मी मुद्दाम सांगतो की या पायरीला तुम्ही शहरी पोरांच्या पुढे आहात. वाक्य मराठीत पक्कं बसलं की पुढे पंचवीस शब्दांचं इंग्रजी करायचं उरतं, आणि ते कोणीही तपासून देतं.

परीक्षा घ्यायची पद्धत : वाक्य मावशीला, मेसच्या काकांना, कोणालाही सांगा. मग पाच मिनिटं भलत्याच गप्पा मारून विचारा, “मी काय करतो म्हणालो?” त्यांनी जे परत सांगितलं तेवढंच तुम्ही सांगितलेलं असतं.

सोपं करताना किती ढिलं सोडायचं हे ऐकणाऱ्यावर ठरवा. केवड्याला शेतकरी बुरशी म्हणतो आणि औषधाला बुरशीनाशक. वर्गीकरणात मात्र केवडा खऱ्या बुरशीत बसत नाही, तपकिरी शेवाळांच्या जवळचा आहे. मावशीला बुरशीच सांगा. वनस्पतीरोगशास्त्राच्या परिषदेत तसं म्हणालात तर पहिला प्रश्न त्यावरच येईल आणि तुमचं जनुक बाजूला राहील.

पायरी २ : अर्धं मिनिट, तीन मिनिटं, बारा मिनिटं

अर्ध्या मिनिटाचं वर झालंच. तीन मिनिटांसाठी एक चांगली तालीम आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २००८ साली एक स्पर्धा सुरू केली : अख्खा प्रबंध तीन मिनिटांत, एकच स्थिर स्लाइड. आता ती जगभर होते. स्पर्धेत भाग घ्या किंवा नका घेऊ, पण वर्षातून एकदा प्रयोगशाळेत सगळ्यांनी मिळून हा खेळ जरूर करा. एकानं मोबाइलवर वेळ लावायची आणि तीन मिनिटं झाली की टाळ्या वाजवून बोलणं बंद पाडायचं. पहिल्या खेपेला बहुतेकांच्या टाळ्या ‘साहित्य आणि पद्धती’वरच वाजतात.

बारा मिनिटांचं भाषण आणि तीन मिनिटं प्रश्न, हा परिषदेतला नेहमीचा साचा. माझा हिशेब असा :

पहिली दोन मिनिटं पाठ करा, अगदी शब्दन्‌शब्द. घशाला कोरड त्याच वेळी पडते आणि पाठ असलेलं आपोआप बाहेर येतं. बाकीचं पाठ करू नका, पोपटपंची लगेच कळते.

स्लाइड दहाच्या पुढे नकोत. स्लाइडच्या मथळ्यात ‘निकाल’ असं लिहू नका, निकालच लिहा : ‘पावसाळी पट्ट्यातल्या बागांत बदललेलं जनुक जास्त.’ (तुमच्या आकडेवारीत तसं निघालं असेल तरच, अर्थात.) आलेखासमोर आधी उभा आणि आडवा अक्ष काय आहे ते सांगा. तुम्ही तो आलेख सहा महिने बघताय, समोरचा सहा सेकंद.

शेवटी सूर्यास्ताच्या फोटोवर ‘थँक यू’ लिहायची आपल्याकडे मोठी हौस. प्रश्नोत्तरांची तीन मिनिटं तो सूर्यास्त पडद्यावर राहतो. त्याऐवजी मुख्य निष्कर्षाची स्लाइड ठेवा, कारण प्रश्न पडद्यावर जे दिसतं त्याच्याभोवती फिरतात. आभार तोंडी माना.

प्रश्न कळला नाही तर हसून मान हलवू नका. ‘तुम्ही नमुने किती होते असं विचारताय का?’ असा आपल्याला समजला तसा प्रश्न परत मांडा. त्यानं समोरच्यालाही बरं वाटतं आणि तुम्हाला दहा सेकंद मिळतात. उत्तर माहीत नसेल तर ‘हे आम्ही तपासलेलं नाही; तपासायचं तर अमुक प्रयोग करावा लागेल’ एवढं पुरे. या वाक्यानं कोणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही. रेटून ठोकलेल्या उत्तरानं मात्र दोघांची पंचाईत झाली, त्या दोघांपैकी एक मी.

पायरी ३ : पोस्टर

आधी परिषदेच्या सूचना वाचा : आकार कोणता, उभं की आडवं. ए-झीरो म्हणजे ८४.१ बाय ११८.९ सेंटिमीटर. आडवं करून नेलं आणि बोर्ड उभे निघाले, हा प्रकार दरवर्षी कोणाचा तरी होतोच.

वरच्या पट्टीत विषय लिहायचा नाही, सापडलं ते लिहायचं. मधोमध एक मोठा आलेख, चार पावलांवरून दिसेल असा. एकूण मजकूर तीनशे शब्दांत बसवा. माझ्या त्या पहिल्या पोस्टरवर नऊशेच्या वर होता. आलेखात लाल आणि हिरव्याची जोडी नको, तो फरक न दिसणारे पुरुष वाटतात त्याहून जास्त असतात. फ्लेक्सवाल्याकडे नेताना फाइल पीडीएफ करून न्या, नाहीतर त्याच्या संगणकावर ग्रीक अक्षरांचे चौकोन होतात आणि ते कळतं परिषदेच्या सकाळी. विमानानं जायचं असेल तर कापडावर छापून घ्या, घडी घालून बॅगेत जातं.

पोस्टरशेजारी उभं राहायचं, समोर नाही. कोणी थांबलं की पाच सेकंद वाचू द्या, मग विचारा, “तुम्ही कशावर काम करता?” उत्तर ऐकून ठरवा अर्ध्या मिनिटाचं सांगायचं की तीन मिनिटांचं. गप्पा रंगल्या तर त्यांचं नाव आणि काय बोललो ते त्याच संध्याकाळी वहीत लिहा. पुढच्या पत्राची पहिली ओळ त्यातून निघते.

पायरी ४ : सरांशी, मॅडमशी बोलणं

संवादकौशल्याच्या कार्यशाळांत या विषयाला कोणी हात लावत नाही. आणि आपल्याकडे पीएचडीत सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो इथेच. ‘सर चिडतील’ म्हणून विचारायचं टाळलं, आणि दोन वर्षांनी पेपरवर तिसऱ्याच कोणाचं नाव पहिलं. अशा कहाण्या प्रत्येक होस्टेलच्या गच्चीवर ऐकायला मिळतात.

लेखकांच्या नावांचा विषय पेपर लिहून झाल्यावर काढला तर ते भांडण होतं. काम सुरू होताना काढला तर नियोजन होतं. असं विचारा :

“सर, या भागाचा पेपर होईल असं तुम्ही म्हणाला होतात. कोण काय करणार आणि नावांचा क्रम काय, हे आत्ताच एका पानावर लिहून ठेवूया का? पुढे काम बदललं तर यादी बदलू.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं, त्यानं सरांना मोकळीक राहते. बोलायला आधार म्हणून दोन गोष्टी माहीत असू द्या. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं लेखकपणाच्या चार अटी घातल्या आहेत : कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा तपासण्यात सहभाग, अंतिम मसुद्याला संमती आणि सगळ्या कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. वैद्यकाबाहेरही अनेक नियतकालिकं त्या मानतात. दुसरी म्हणजे ‘क्रेडिट’ नावाची १४ भूमिकांची यादी : कल्पना, प्रयोग, विश्लेषण, निधी वगैरे. अनेक प्रकाशक पेपरच्या शेवटी ती भरून मागतात. ‘सर, नियतकालिक हे मागतंय, आपण आधीच भरून ठेवू’ म्हटलं की तुम्ही हक्क मागताय असं वाटत नाही, फॉर्म भरताय असं वाटतं. फॉर्मला आपल्याकडे फार मान आहे.

प्रत्येक बैठकीनंतर त्याच दिवशी चार ओळींचं मेल पाठवायची सवय लावा : ‘आज ठरलेलं : एक, निफाडचे नमुने पुन्हा तपासायचे. दोन, आकृती तीन बदलायची. माझ्याकडून काही सुटलं असेल तर कळवा.’ सहा महिन्यांनी सर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणाले तर वाद घालायची वेळ येत नाही, मेल पुढे केलं की झालं. आणि खरं सांगायचं तर दहापैकी सात वेळा चुकीचं आपल्यालाच आठवत असतं.

हे सगळं करूनही अन्याय झाला तर? विभागातल्या संशोधन सल्लागार समितीकडे, आधी तोंडी आणि मग लेखी जावं. सोपं नसतं. पण सहा-सहा महिन्यांच्या आढाव्यात समितीसमोर स्वतःचं काम स्वतः नीट मांडलेलं असेल, तर ते कोणाचं आहे हे चार जणांना आधीच माहीत असतं.

पायरी ५ : पेपर कुठे पाठवायचा

यूजीसीच्या २०२२च्या पीएचडी नियमांनी प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही अट काढली. तरी पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतरच्या ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागेला, निवडणारा माणूस आधी पेपरच बघतो, त्यामुळे सुटलात असं समजू नका. पूर्वी यूजीसी-केअर या मान्य नियतकालिकांच्या यादीत आपलं नियतकालिक आहे का हे बघितलं की काम भागत असे, आणि त्या यादीचं काम पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या कक्षातून चालायचं. फेब्रुवारी २०२५मध्ये ती यादी बंद झाली. आता पारख तुमची तुम्हीच करायची.

माझी पारख साधी आहे. तुम्ही स्वतः वाचलेले, प्रबंधात वापरलेले पेपर कुठे छापलेत ते बघा आणि त्यांतूनच निवडा. ‘चार दिवसांत परीक्षण, अमुक इतके हजार भरा’ असं मेल स्वतःहून आलं तर ते नियतकालिक नाही, दुकान आहे. पैसे भरून छापणारं प्रत्येक नियतकालिक खोटं असतं असं मात्र नाही. संपादक मंडळातल्या दोघांच्या स्वतःच्या पानांवर जाऊन ते या मंडळाचा उल्लेख करतात का ते बघा, दहा मिनिटांत उलगडा होतो.

परीक्षकांचे शेरे आले की पहिल्या दिवशी उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शेरा जसाच्या तसा उतरवून त्याखाली काय बदललं, कुठल्या ओळीत, ते लिहा. पटला नाही तर का नाही ते आकड्यांनिशी लिहा. ‘परीक्षकाला समजलेलं नाही’ असं कधीही लिहू नका. परीक्षकाला समजलं नसेल तर वाक्य तुमचं होतं.

पायरी ६ : पोस्टडॉकचं पत्र

घाई इथे महागात पडते, म्हणून उलटं मोजा. युरोपची मारी क्युरी पोस्टडॉक फेलोशिप घ्यायची असेल तर अर्ज गेली काही वर्षं सप्टेंबरात बंद होतो, आणि प्रस्ताव यजमान प्रयोगशाळेबरोबर लिहायचा असतो. म्हणजे पहिलं पत्र त्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलं पाहिजे. प्रबंध जमा केल्यावर लिहू म्हणणाऱ्यांचं एक वर्ष सरळ वाया जातं. देशातच राहायचं असेल तर संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या एसईआरबी या सरकारी मंडळाच्या जागी आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन आहे, त्यांच्या नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपची जाहिरात बघत राहा. वयाची अट तिथे असते, ती आधी वाचा.

पत्र इंग्रजीतच जाणार, पण त्याचा ऐवज असा असावा :

‘प्रिय डॉ. अमुक, तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरात बदललेलं जनुक असलेला केवडा औषध बंद केल्यावर कमी होत जातो असं दिसलं. मी महाराष्ट्रातल्या बागांत तेच जनुक तपासतो आहे. इथे वर्षातून दोन छाटण्या होतात, त्यामुळे केवड्याला हिरवा पाला फार काळ मिळतो. तुमचा निष्कर्ष इथे टिकेल का, हा प्रश्न मला पडला आहे. त्यासाठी लागणारी जनुक-मोजणीची पद्धत मी चार वर्षं वापरतो आहे. पुढच्या जूनपासून मी मोकळा होईन. फेलोशिपचा अर्ज तुमच्याबरोबर लिहिता येईल का? माहितीपत्रक (सीव्ही) जोडलं आहे.’

एवढंच. पहिल्या ओळीत त्यांचं काम, दुसऱ्यात तुमचं, तिसऱ्यात दोघांच्या मधला प्रश्न. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, समोर बाई असू शकतात आणि तिकडे आडनावानं हाक मारलेली चालते. ‘तुमच्या नामांकित प्रयोगशाळेत’ नको. तेच पत्र पन्नास जणांना तर अजिबातच नको. फाँट बदललेला दिसला की कळतं, नाव तेवढं नंतर चिकटवलंय. आठवड्याला दोन पत्रं, पण प्रत्येकाआधी त्यांचे दोन पेपर वाचून. उत्तर नाही आलं तर बारा-पंधरा दिवसांनी त्याच मेलखाली दोन ओळी लिहा. तरी नाही आलं तर सोडून द्या, मनाला लावून घेऊ नका.

जोडलेल्या फाइलचं नाव ‘सीव्ही फायनल फायनल २’ असू नये, त्यात तुमचं नाव असावं. माहितीपत्रकात वडिलांचं नाव, जात, लग्न झालंय का हे लिहायची गरज नाही. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची ओळख पटवणारा) सोळा अंकी क्रमांक मात्र घाला, तो फुकट मिळतो. आपल्याकडे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे इतके संशोधक आहेत की त्याशिवाय तुमचे पेपर भलत्याच कोणाच्या खात्यात मोजले जातात.

पायरी ७ : परत बागेत

ही पायरी कोणी मागत नाही, गुणही मिळत नाहीत. पण ज्यांच्या बागेतून पानं तोडून आणली त्यांना निकाल मराठीत, एका छापील पानावर कळायला हवा. आणि मराठीत लिहायचा सराव याहून चांगला कुठे होणार नाही.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कोणा लेखकाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. ते जयंत विष्णु नारळीकर निघाले. आद्याक्षरं उलटी फिरवून नाव घेतलेलं, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात. एवढा नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ आपलं मराठी नावाशिवाय टिकतं का ते तपासून पाहत होता. तुमचं पान तसंच तपासा : नाव न सांगता बागायतदाराला वाचायला द्या.

पान एकच हवं. वर बागेचं गाव आणि नमुना कधी घेतला ते. मग काय सापडलं : ‘तुमच्या बागेतल्या दहा नमुन्यांपैकी सहांत औषधाला न जुमानणारा केवडा होता.’ मग यावरून काय म्हणता येत नाही : ‘हे एका हंगामाचं आहे.’ उत्परिवर्तन हा शब्द लिहायचा की म्युटेशन, यावर आमच्याकडे बरीच भांडणं झाली. शेवटी ‘जनुकातला बदल’ यावर सगळ्यांचं एकमत झालं. आणि कोणतं औषध मारा, किती मारा हे पानावर लिहू नका. निर्यातीच्या द्राक्षांना कुठली औषधं चालतात याची यादी असते, बागायतदार तिला नुसतं ‘अ‍ॅनेक्श्चर फाइव्ह’ म्हणतात, आणि एका चुकीच्या फवारणीत कंटेनर परत येतो. सल्ल्यासाठी पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे बोट दाखवा.

वार्ताहराचा फोन आला तरी हाच नियम. ‘केवड्यावर औषध सापडलं’ असा मथळा यायचा नसेल तर आपलं पायरी एकचं वाक्य त्याला मेलनं लेखी द्या, आणि तुमच्या तोंडची वाक्यं छापण्याआधी वाचून दाखवायला सांगा. बहुतेक जण दाखवतात.

पान देताना पोस्टानं पाठवू नका, स्वतः जा. छाटणीच्या आणि काढणीच्या दिवसांत जाऊ नका, तेव्हा कोणाला मान वर करायला वेळ नसतो. ज्यांच्याकडे जाणं जमणार नाही त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, पण पीडीएफ नको, पानाचा फोटो पाठवा. बागेत उभं राहून पीडीएफ कोणी उघडत नाही.